चामडं बांधलेला हातोडा

गोर्ना रेका गावात बस चढून येताना दिसायच्या आधी ऐकू यायची, आणि स्टोइमेन मिस्त्रीला ती इतरांना ऐकू यायच्या आधी समजायची. अंगणात लाकडं फोडता फोडता तो मधेच कुऱ्हाड थांबवायचा, मान तिरकी करायचा आणि बायकोला सांगायचा, की आज डाव्या बाजूला बोजा जास्त आहे, साबी ड्रायव्हरनं पुन्हा कुणाचं तरी बटाट्याचं पोतं मागच्या दाराशी टाकू दिलंय. वेलिका खिडकीतून म्हणायची, "माझं दुखणं एवढा कान देऊन ऐकलं असतंस तर डॉक्टरची गरज पडली नसती." तो नुसता हसायचा. ऐकत तो दोन्ही होता. दोन्हींतलं काही त्याला आवडत नव्हतं.

त्याचा बाप घोड्यांना नाल ठोकायचा. गावातले घोडे संपले तसा स्टोइमेन खाली शहरात उतरला आणि कमानपाट्यांच्या कारखान्यात लागला. ट्रक-बसच्या चाकावर पोलादी पट्ट्यांची जुडी असते, एकाखाली एक आखूड होत जाणारी. गाडीचा सगळा भार त्या जुडीवर. सगळ्यात वरचा लांब पाटा तो मेनपाटा. तो गेला की गाडी बसली. हे पाटे तापवायचे, वाकवायचे, तेलात बुडवून कडक करायचे, एवढं झालं की बघणाऱ्याला वाटतं काम संपलं. स्टोइमेनचं काम तिथून सुरू व्हायचं. पाटा थंड झाला की तो दाबयंत्रात धरून उलटा वाकवायचा, गाडीचा भार पडल्यावर वाकेल तसा, आणि त्याच ताणात ठेवून त्याच्या खोलगट बाजूवर गोल तोंडाच्या हातोड्यानं ठोके घालत जायचं. मधून सुरुवात, मग टोकांकडे. ठोक्याला ठोका लागून, एक बोट जागा कोरी ठेवायची नाही.

नव्यानं लागलेल्या पोरांना वाटायचं म्हातारे उगाच पोलादाला मारतायत. पण त्यात मर्म होतं. ठोका बसला की पोलादाची वरची कातडी पसरायला बघते, आणि आतलं पोलाद तिला पसरू देत नाही. मग ती कातडी तशीच दबून, चेपून बसते. गाडी खड्ड्यात आदळली की नेमकी हीच बाजू ताणली जाते. पण आधीच चेपलेली असल्यामुळं ओढ बरीचशी चेप सोडवण्यातच खर्च होते आणि चिरेला तोंड उघडायला वाव मिळत नाही. कारखान्यात रुमेनाबाई म्हणून इंजिनिअर होत्या. त्यांच्याकडे क्ष-किरणांचं यंत्र होतं, त्यावर त्या कातडीतली चेप मोजायच्या. पाटा यंत्रावर लावून पुन्हा पुन्हा वाकवायच्या, मग काढून मोजायच्या, पुन्हा लावायच्या. त्यांनीच सगळ्यांना दाखवून दिलं, की ही चेप काही कायमची नव्हे. सुरुवातीच्या हिसक्यांत ती भराभर उतरते, मग झिरपत राहते. आणि एखादाच जबर हिसका असा बसतो की हजार साध्या हिसक्यांनी जेवढी उतरली नसती तेवढी तो एकटा उतरवून जातो. बाहेरून पाटा दिसतो तसाच. ना वाकडा, ना सैल.

हे ऐकून तो घरी आला तेव्हा वेलिका कोबीचं पिंप भरत होती. दिमित्रोव्हदेनचा सण झाला होता, हिवाळा दाराशी होता. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, हे तर आपलं पिंपच की. गड्डे खच्चून भरायचे, वर दगड ठेवायचा, मग मधे हवा शिरत नाही. पण हिवाळाभर एकेक गड्डा काढत गेलं की बाकीचे सैल पडतात, आणि एक दिवस झाकण उघडावं तर सडका वास. स्टोइमेननं हे रुमेनाबाईंना सांगितलं. त्या हसल्या, आणि पुढं दर वर्षी नव्या पोरांना पिंपाचीच गोष्ट सांगायला लागल्या.

मग राज्य बदललं, कारखान्याचे मालक बदलले, आणि शेवटी कारखाना मिटला. दाबयंत्र भंगारात गेलं. क्ष-किरणांचं यंत्र कुणी नेलं ते देव जाणे. शेवटच्या दिवशी स्टोइमेननं गोल तोंडाचा हातोडा कोटाच्या आत घातला. फाटकावरचा पहारेकरी म्हणाला, आज कोट फार जड दिसतोय. स्टोइमेन म्हणाला, थंडी आहे. "मलाही आहे," पहारेकरी म्हणाला. त्याच्या पिशवीतून तांब्याची तार डोकावत होती.

गावी येऊन त्यानं घराला लागून असलेल्या बापाच्या नालघरात ऐरण पुसून काढली. दाबयंत्राच्या जागी अक्रोडाचा एक जाडजूड वासा, साखळी आणि ट्रकचा जॅक. पाटा वाशाला साखळीनं बांधायचा, मधे जॅक लावून ताणात घ्यायचा आणि ठोकायचं. मोजायला यंत्र नव्हतं, कान होता. कातडी कोरी असली की ठोका मातीवर पडल्यासारखा गपकन बसतो. चेप भरत आली की आवाज वर चढतो, हातोडा उसळी घ्यायला लागतो, आणि ठोका घंटेसारखा वाजला की थांबायचं. दर दिमित्रोव्हदेनला साबी ड्रायव्हर बस त्याच्या दाराशी लावायचा आणि मागचे पाटे उतरवून द्यायचा. हिवाळाभर त्यांना काही होत नसे. गावाला वाटायचं मिस्त्रीच्या हातात गुण आहे. मिस्त्रीला वाटायचं गावाला काय वाटायचं ते वाटू दे.

तिसऱ्या हिवाळ्याच्या तोंडावर वेलिकाची मूत्रपिंडं गेली. शहरातल्या इस्पितळात आठवड्यातून तीनदा यंत्राला लावून तिचं रक्त धुऊन काढायला लागायचं. पहाटे बसनं जायची, संध्याकाळी मेणासारखा चेहरा घेऊन यायची, सूप पिऊन झोपायची. दुसऱ्या दिवशी माणसात यायची, तिसऱ्या दिवशी पुन्हा बस. मुलगी ब्लागा दूर प्लोव्हदिवला, चौथ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत, नवरा आणि मुलांसह. ती रडून रडून सांगायची की इकडे या, इस्पितळ समोरच आहे. वेलिका ऐकायची नाही. तिला एकाच गोष्टीची धास्ती होती, आणि ती जुन्या बायकांना सांगितल्याशिवाय कळेल: माणसाचा जीव जाताना त्याच्या हातात पेटती मेणबत्ती पाहिजे. नाहीतर आत्मा अंधारात वाट शोधत फिरतो. तिची आई इस्पितळात रात्री एकटी गेली होती, मेणबत्तीवाचून, आणि त्यानंतर कित्येक ईस्टरला वेलिका आईच्या नावानं पेटत्या मेणबत्त्या वाटत फिरली तरी तिच्या मनातून तो अंधार गेला नव्हता. ईस्टरची एक मेणबत्ती तिनं ओढणीत गुंडाळून उशाशी ठेवली होती. स्टोइमेनला तिनं स्पष्ट सांगितलं होतं, "ती तू लावायचीस. या घरात. नर्सनं नाही, ब्लागानं नाही."

त्यानं मान हलवली होती. म्हणजे त्याच्यापुरतं सगळं बसवर येऊन टेकलं. बस चालली तर वेलिका घरात.

त्याच वर्षी शहरातल्या बस कचेरीनं खालच्या गावांची दुसरी बस काढून घेतली. आता दोन बसचा माल आणि दोन बसची माणसं एकाच बसमध्ये चढायला लागली. बटाटे, गॅसच्या टाक्या, सिमेंट, शहरात पोरांकडे पाठवायच्या लोणच्याच्या बरण्या. म्हातारी तोदोरा एकदा पोत्यात डुकराचं पिल्लू घेऊन चढली. साबी म्हणाला, "आजी, तिकीट एकाचं की दोघांचं?" म्हातारी म्हणाली, "त्याचं अर्धं घे. लहान आहे अजून." सगळी बस हसली. बस वळणावर आली तशी मागून खाली बसली, धप्प आवाज झाला, आणि वर अंगणात स्टोइमेनच्या हातातली कुऱ्हाड थांबली. तो हसला नाही. असा एक धप्प म्हणजे किती गड्डे गेले, याचा हिशेब तो मनात मांडत होता.

नाताळ झाला, नवीन वर्ष लागलं. स्टोइमेननं साबीला गाठून सांगितलं की दिमित्रोव्हदेनला भरलेली चेप आता उरली नसेल, पाटे पुन्हा ठोकायला हवेत. साबी माणूस वाईट नव्हता. त्यानं टोपी मागं सारली आणि म्हणाला, पाटे उतरवायचे, ठोकायचे, चढवायचे, अख्खा दिवस जाणार. बस रोज पहाटे खाली जाते आणि अंधार पडल्यावर येते. रविवारी बाजार. एक दिवस जरी बंद ठेवली तर कचेरीतले लोक म्हणतील चला, बरं झालं, हीसुद्धा काढून टाकू. ते निमित्तालाच टेकलेत.

"गाडी वर उभी राहते असा एकच दिवस आहे, मिस्त्री," साबी म्हणाला.

कुठला ते सांगायची गरज नव्हती. जानेवारीतला संत आतानासचा दिवस. गावचं चर्च त्याच्या नावाचं. त्या दिवशी म्हणे संत रेशमी सदरा घालून पांढऱ्या घोड्यावर डोंगरात चढतो आणि हिवाळ्याला हाकलतो, उन्हाळ्याला बोलावतो. सगळं गाव चर्चच्या आवारात, मेंढ्याच्या रश्शाच्या कढयांभोवती. बस हलत नाही. पण संत आतानास लोहारांचा संत. त्या दिवशी भट्टी पेटत नाही, ऐरणीवर हातोडा पडत नाही, घोड्याला नाल लागत नाही. स्टोइमेनच्या बापानं एकदा बर्फात अडकलेल्या डाकगाडीच्या घोड्यालाही त्या दिवशी नाल मारायला नकार दिला होता, आणि ते आजही कौतुकानं सांगितलं जायचं.

त्यानं वेलिकाला विचारलं. विचारायला नको होतं, पण इतक्या वर्षांत तिच्यापासून लपवून त्यानं फक्त तंबाखू आणली होती. ती त्या दिवशी यंत्रावरून आलेली, भिंतीला टेकून बसली होती. तिनं डोळे उघडले.

"माझ्या रक्तासाठी संताचा दिवस बाटवू नकोस. वर गेल्यावर त्याला तोंड मला दाखवायचंय, तुला नंतर."

"आणि पाटा तुटला तर?"

"तर तुटेल. पाटा माझा नाही, कचेरीचा आहे." मग खालच्या आवाजात, "तुझ्या बापानं डाकेच्या घोड्यालाही नाल मारली नव्हती."

स्टोइमेननं चुलीत लाकूड सारलं. पण त्या रात्री त्याला झोप लागली नाही, आणि पडल्या पडल्या त्याच्या मनात जे आलं ते ना पापी माणसाला सुचलं असतं, ना पुण्यवानाला. मधल्यालाच सुचतं ते.

सणाच्या सकाळी धर्मगुरू पॉप इग्नातांनी पाणी शिंपडून कढया आशीर्वादल्या. वेलिकाला गारठ्यात चालवत नव्हतं, ती घरीच राहिली; तिचं सूप शेजारीण भांड्यात आणून देणार होती. स्टोइमेन चर्चमध्ये गेला, मेणबत्ती लावली, संताच्या तसबिरीपुढं क्रुसाची खूण केली आणि मागच्या दारानं बाहेर पडला. साबीनं आदल्या संध्याकाळीच बस नालघराच्या मागं लावली होती आणि मागून जॅकवर उचलून ठेवली होती. का, ते त्यानं कुणाला सांगितलं नाही, कुणी विचारलंही नाही. दोघांनी मिळून पाटे उतरवले. मग साबी कढयांकडे गेला. त्याला ड्रायव्हर म्हणून तिथं दिसायला हवं होतं.

स्टोइमेननं दार लावून घेतलं, खिडकीवर गोणपाट टांगलं. मेनपाटा वाशाला बांधला, जॅक चढवत चढवत ताणात घेतला. मग बापाचा नाल ठोकतानाचा चामड्याचा जुना अंगरखा खुंटीवरून काढला, त्याचा एक दुहेरी तुकडा कापला आणि हातोड्याच्या गोल तोंडावर दोरीनं घट्ट आवळला. भट्टी पेटवली नव्हती. ऐरणीला हात लावला नव्हता. लोखंडावर लोखंड पडणार नव्हतं. गावाला ऐकू जाणार नव्हतं, आणि संतालाही, कोण जाणे, कदाचित.

त्यानं ठोकायला सुरुवात केली. थप. थप. उशी झटकावी तसा आवाज. त्यानं मनाशी ठरवलं, की चामडं आहे म्हणून ठोका हलका बसत असेल तर दुप्पट ठोके घालू. दुप्पट घातले. मग आणखी घातले. खांदा भरून आला, घाम मानेवरून पाठीत उतरला. अर्धवट अंधारात पाट्यावर आधीच्या वर्षांचे ठोक्यांचे खळगे दिसत होते. नवे कुठले, जुने कुठले कळायला मार्ग नव्हता. आणि आवाज चढत नव्हता. पहिला ठोका थप, शेवटचाही थप. घंटा वाजली की थांबायचं हे त्याला माहीत होतं, आणि घंटा तर त्यानं स्वतःच्या हातानं बांधून ठेवली होती. हे त्याला त्या वेळी दिसलं का? दिसलं असणार. एवढ्या वर्षांचा मिस्त्री. पण माणसाला जेव्हा एखादी गोष्ट फार हवी असते तेव्हा तो श्रमालाच फळ समजतो. हात दुखतोय त्या अर्थी काम झालं असणार, असं त्यानं धरलं, आणि चर्चच्या आवारातून गैदाचा, कातडी पिशवीच्या पाव्याचा, सूर आला, नाच सुरू झाल्याचा, तेव्हा हातोडा खाली ठेवला.

साबी येऊन पाटे चढवून गेला. जाताना त्यानं विचारलं, झालं ना मिस्त्री? स्टोइमेन म्हणाला, झालं.

संध्याकाळी वेलिकानं त्याच्यासाठी सूप गरम करून ठेवलं होतं. तो जेवला. ती त्याच्या हाताकडे बघत होती. त्यानं चमचा डाव्या हातात घेतला. तिनं उठून तसबिरीपुढच्या दिव्यात तेल घातलं.

फेब्रुवारीत बर्फ दिवसा विरघळायचा आणि रात्री गोठायचा, रस्त्याला दात फुटल्यासारखे झाले. एका सकाळी बस खाली जात असताना झऱ्याच्या वळणावर फाड्कन आवाज झाला, बस उजवीकडे कलली, कठड्याला घासत गेली आणि थांबली. कुणाला काही झालं नाही. म्हातारी तोदोराच्या बरण्या फुटल्या, तेवढंच. वेलिका बसमध्ये होती. साबीनं तिला घोंगडीत गुंडाळून सीटवर बसवून ठेवलं आणि एका पोराला वर पिटाळलं. स्टोइमेन धापा टाकत उतरला तेव्हा ती खिडकीशी बसून जपमाळेच्या गाठी मोजत होती. खालून ट्रॅक्टर येईपर्यंत दुपार झाली आणि इस्पितळातली तिची वेळ टळून गेली. दुसऱ्या दिवशी घेतलं त्यांनी, पण नर्सनं बजावलं की असं पुन्हा चालायचं नाही. बाई सुजली होती.

बस तिथंच वळणावर राहिली. स्टोइमेन एकटा जाऊन तिच्याखाली उताणा झोपला आणि मेनपाट्याचे तुकडे काढून घरी घेऊन आला. तुटलेलं तोंड त्यानं खिडकीशी धरून बघितलं. शिंपल्याच्या पाठीवर असतात तशा रेषा, एका बिंदूपासून सुरू होऊन पसरत गेलेल्या, आणि शेवटी खरखरीत भाग, एकदम तुटला तिथं. बिंदू खोलगट बाजूला, अगदी मधे, जिथून तो ठोकायला सुरुवात करायचा तिथं. आता उजेडात त्याला दिसलं: जुने खळगे झिजून गुळगुळीत झालेले, त्यांच्यावर चामड्याची चकाकी, आणि नवा खळगा एकसुद्धा नाही. त्याचे सगळे ठोके चामड्यानं खाल्ले होते. पोलादाच्या कातडीपर्यंत त्यांतला एक पोचला नव्हता. चीर सणाच्या आधीच पडली होती की नंतर, हे रुमेनाबाईंचं यंत्र असतं तरी आता सांगता आलं नसतं. आधी पडली असेल तर उघड्या हातोड्यानंही काही होणार नव्हतं. उलट चिरेचं तोंड लिंपलं जाऊन ती नजरेआड झाली असती. त्यानं हा विचार बराच वेळ धरून ठेवला. त्यातून काही मिळालं नाही.

गावात बोललं गेलं की मिस्त्रीचा हात म्हातारा झाला. गुत्त्यात कुणीतरी म्हणालं, पाटाच काय, आता त्याच्यानं अंडंही फुटायचं नाही. साबीनं त्याला गप्प बसवलं, पण साबीही मिस्त्रीच्या नजरेला नजर देत नव्हता. शहरातल्या कचेरीतून निरोप आला की सुटे भाग येईपर्यंत ही फेरी बंद. सुटे भाग येणार नाहीत हे निरोप आणणाऱ्यालाही ठाऊक होतं.

पुढच्या दोन खेपा वेलिका ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत पेंढ्यावर बसून गेली. तिसऱ्या खेपेला जाऊ शकली नाही. ब्लागा तिला प्लोव्हदिवला न्यायला नवऱ्याची गाडी घेऊन खालच्या गावापर्यंत येणार होती. आदल्या संध्याकाळी स्टोइमेन चुलीपुढं बसला होता. वेलिका गाठोडं बांधत होती. मेणबत्ती तिनं ओढणीसकट आत ठेवली, पुन्हा बाहेर काढली, पुन्हा आत ठेवली.

"चामडं बांधलं होतंस ना," ती म्हणाली. विचारलं नाही, म्हणाली.

तो चुलीकडे बघत राहिला.

"भिंतीतून येत होतं. मी म्हटलं, उशा कोण झटकतंय सणाच्या दिवशी." तिनं गाठोड्याची गाठ मारली. "करायचंच होतं तर उघड करायचं होतंस, स्टोइमेन. गावानं शिव्या घातल्या असत्या, पॉपनं घातल्या असत्या, मीही घातल्या असत्या. पण ठोका तरी बसला असता."

"तूच म्हणालीस..."

"मी म्हणाले. मी मरायला भीत नाही, संताला भिते, म्हणून म्हणाले. तू कुणाला भीत होतास?"

त्यानं राख सारून निखारा वर काढला. ती त्याच्याजवळ येऊन बसली आणि त्याच्या दुखऱ्या खांद्यावर हात ठेवून राहिली. घरच्या शेळ्या कुणाच्या तरी गळ्यात बांधून तो मागोमाग येणार, असं ठरलं. मेणबत्ती त्यानंच लावायची, ब्लागाच्या घरात तर ब्लागाच्या घरात. तिनं एवढं मान्य केलं. निघताना तिनं पिंपावरचा दगड काढू नकोस, नाहीतर कोबी जाईल, एवढं सांगितलं.

शेळ्या घ्यायला कुणी नव्हतं. ज्यांच्याकडे गोठे होते ते म्हातारे, ज्यांना जोर होता ते शहरात. शेवटी तोदोरा म्हणाली आण माझ्याकडे, मी मेले की तू घेऊन जा. तो निघाला तेव्हा पाऊस आणि वितळता बर्फ मिळून झऱ्याच्या वळणाखालची वाट खचली होती. गाडी नव्हती, ट्रॅक्टर जात नव्हता. तो चालत खाली उतरला, शहरात स्टेशनवर गाडीची वाट बघत बसला, आणि प्लोव्हदिवला त्या चौथ्या मजल्यावर पोचला तेव्हा आरसा कापडानं झाकलेला होता, घरात कुणी मेलं की झाकतात तसा. ते बघूनच त्याला कळलं. वेलिका आदल्या पहाटे इस्पितळातच वारली. तिच्या शेजारच्या खाटेवरच्या बाईला प्राणवायू लावला होता, म्हणून तिथं ज्योत पेटवायला मनाई. ब्लागानं नर्सच्या पाया पडून बघितलं होतं. शेवटी मेणबत्ती तशीच, न पेटवता, आईच्या मुठीत दिली होती, आणि आता ती तिनं बापाच्या हातात ठेवली.

वर न्यायला रस्ता नव्हता. तिला तिकडेच, शहराबाहेरच्या नव्या दफनभूमीत पुरलं. देव तिला क्षमा करो, आणि तिची वाट उजळ करो.

ब्लागा म्हणाली, बाबा, आता इथंच राहा. तो राहिला काही दिवस. मग शेळ्यांचं निमित्त करून परत आला. पिंपावर दगड तसाच होता. काढायचे ते गड्डे वेलिकानं केव्हाच काढले होते. उरलेले खाली सैल तरंगत होते, आणि दगड नुसता पाण्याला दाबून बसला होता. त्यानं दगड काढला नाही. वास यायला लागला तेव्हा अख्खं पिंपच ढकलत नेऊन ओढ्यात रिकामं केलं.

पुढच्या वर्षी संत आतानासच्या दिवशी पॉप इग्नात ट्रॅक्टरवर बसून आले. एकच कढई चढली, आणि तीही रिकामी झाली नाही. स्टोइमेननं ती मेणबत्ती चर्चमध्ये नेली, मेलेल्यांसाठी खाली ठेवलेल्या वाळूच्या परातीत रोवली आणि पेटवली. पॉपनी विचारलं की कुणासाठी. त्यानं नाव सांगितलं. उशीर झालाय हे दोघांनाही माहीत होतं; पॉपनी नुसता त्याच्या डोक्यावर हात ठेवला. मेणबत्ती पुरी जळेपर्यंत तो उभा राहिला. मग नालघरातून घरी गेला. हातोडा खुंटीवर होता, तोंडाला चामडं बांधलेलं. ते त्यानं सोडलं नाही. गावात आता पाटे असलेली गाडी नव्हती, त्यामुळं सोडायची वेळही आली नाही.